काळ्या गाडीवरून रीतसर पडणे

कोरीटच्या नवलभाऊ गिरासे यांनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एक वस्तू स्वतःच्या मनाने निवडायची असं ठरवलं. घाईत नाही, चांगला चार महिने विचार करून ठरवलं. तोवर त्यांच्या आयुष्यातली निवडानिवड कायम दुसऱ्यांकडे होती. नाव आत्याने ठेवलं. अकरावीला आर्ट्स घ्यायचं हे थोरल्या भावाने ठरवलं, कारण त्याची आर्ट्सची जुनी पुस्तकं घरात पडून होती. नोकरी अनुकंपावर लागली, म्हणजे तीही वडिलांनी जाता जाता लावून दिली. बायको मामांनी पाहिली, चष्म्याची फ्रेम चष्मेवाल्याने. मागच्या दिवाळीत घराला मोरपंखी रंग द्यायचं ठरलं तेव्हा नवलभाऊ ऑफिसात होते. संध्याकाळी परत आले ते स्वतःचंच घर ओलांडून चार घरं पुढे गेले. तर आता जी मोटरसायकल घ्यायची ती मी निवडणार, असं त्यांनी एका रात्री ताटावर बसून जाहीर केलं. आई कौसाबाई आणि बायको चेतना, दोघींनी मान डोलावली. घरातल्या दोन बायकांनी एकाच वेळी मान डोलावली की शहाण्या माणसाने जेवण थांबवून विचार करावा. नवलभाऊंनी दुसरी भाकर मागितली.

गाडीचा विषय निघाला तो अपमानातून. जुनी शंभर सीसीची गाडी लग्नात सासऱ्यांनी दिलेली, म्हणजे तीही सासऱ्यांच्याच पसंतीची. वीस वर्षं कोरीट ते नंदुरबार आणि नंदुरबार ते कोरीट एवढंच तिचं जग होतं, आणि तेवढंही तिला आता झेपत नव्हतं. एके दिवशी कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरने नवलभाऊंना मागे टाकलं. इथवरही ठीक होतं. पण ट्रॉलीवर बसलेल्या माणसाने वरून हात दाखवून ‘या, या, सावकाश या’ असा धीर दिला. तो धीर नवलभाऊंना फार लागला. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी एकही फाइल पुढे सरकवली नाही, अर्थात हा फरक कोणाच्या लक्षात आला नाही.

घ्यायची तर आता दणदणीत, स्पोर्टी, अडीचशे सीसीची घ्यायची, असं ठरलं. ऐपतीत आणि स्वप्नात एकाच वेळी बसतील अशा दोनच गाड्या बाजारात होत्या. त्यांची खरी नावं म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची मिसळ, शासन निर्णयाच्या क्रमांकासारखी. ती नवलभाऊ सोडून कोणाला पाठ होईनात, म्हणून घरात एकीला लाल आणि दुसरीला काळी म्हणायला लागले. लाल गाडी समोरून पुरती कपडे घातलेली, दिव्याची नजर रागीट, हँडल इतकं खाली की चालवणाऱ्याने टाकीवर पालथं पडूनच रस्ता बघायचा. काळीचं इंजिन जवळजवळ तेवढंच, पण अंगावर कपडे बेताचे, हँडल वर, आणि चालवणारा माणसासारखा बसू शकेल अशी बैठक. लाल शर्यतीची आणि काळी रस्त्याची, असं मोबाइलवरचे विद्वान सांगत. रोजच्या वापराला दोन्ही चालतात, असंही तेच सांगत, कारण त्यांचा रोजचा वापर व्हिडिओ काढण्यापुरता असतो.

खरं सांगायचं तर नवलभाऊंना लाल पहिल्या दिवशीच आवडली होती. पण सरकारी माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडून चालत नाही, तिला कागदाचा आधार लागतो. त्यांनी दोनशे पानी वही आणली. मायलेज, वजन, सीटची उंची, टायरची रुंदी असे रकाने आखले आणि दोन्ही गाड्यांना गुण द्यायला बसले. अडचण एवढीच, की दर वेळी काळी पुढे जायची. काळी पुढे गेली की नवलभाऊ एक नवा रकाना आखत. ‘रुबाब’ हा रकाना असाच आला. त्यात लालला दहापैकी दहा मिळाले, काळीला चार. तरी काळीच तीन गुणांनी पुढे राहिली, तेव्हा ‘रुबाब (मागून)’ असा आणखी एक रकाना काढावा लागला.

वहीची बातमी गावात फिरायला वेळ लागला नाही. शेजारचे चंदनआबा स्वतः कधी सायकलच्या पुढे गेले नाहीत, त्यामुळे मोटरसायकलबद्दल त्यांचं मत अगदी स्वच्छ होतं. त्यांनी एवढ्या पैशात दोन म्हशी येतात हे समजावून सांगितलं, आणि म्हैस पेट्रोल पीत नाही हा मुद्दा जाताना फाटकातून परत येऊन सांगितला. कौसाबाईंचा प्रश्न एकच होता, मागची सीट एवढी उंच तर मी बसू कुठून. त्यावर त्यांनीच तोड काढली की गाडी ओट्याला लावायची आणि ओट्यावरून बसायचं. उतरायच्या ठिकाणीही ओटा लागेल, हे लक्षात आल्यावर त्यांनी नंदुरबारातल्या सगळ्या ओळखीच्या घरांचे ओटे बोटांवर मोजले. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेमका ओटा नव्हता.

ऑफिसात शिपाई वाहरू होता. हा धडगावकडचा, पन्नाशीचा, शनिवारी घरी जाताना आपल्या जुनाट गाडीवर बायको, दोन नातवंडं, बियाण्याची पिशवी आणि एक कोंबडा घेऊन घाट चढणारा. मोटरसायकलवर बोलायचा हक्क साऱ्या ऑफिसात त्याला एकट्याला होता. नवलभाऊंनी त्याला दोन्ही गाड्यांचे फोटो दाखवून घाम फुटेपर्यंत माहिती सांगितली. वाहरूने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हिच्यावर माणसं किती बसतात. दोन, असं नवलभाऊ म्हणाले. दुसरीवर? दोन. मग साहेब फरक काय, असं म्हणून वाहरू चहाचे कप गोळा करायला गेला. त्या दिवसापासून नवलभाऊंनी त्याला वही दाखवणं बंद केलं.

नंदुरबारात या दोन गाड्यांची दोन दुकानं होती आणि ती एकाच छपराखाली होती. जवरीलालजी पूर्वी मिरचीचे व्यापारी. चाळीस वर्षं मिरचीचा खकाणा खाल्ल्यावर त्यांनी धंदा आटोपला आणि दोन मुलांना दोन कंपन्यांच्या एजन्सी घेऊन दिल्या. थोरला मयंक लाल विकायचा, धाकटा अंकित काळी. मध्ये काचेची भिंत, बाहेर एक सामाईक पायरी, आणि पायरीवर खुर्ची टाकून जवरीलालजी. कोणतीही गाडी विकली गेली तरी ती घरातच विकली जायची, त्यामुळे त्यांच्या तोंडावर सदा निःपक्षपाती शांती असे. गिऱ्हाईक एका मुलाच्या दुकानातून नाराज होऊन निघालं की ते त्याला अदबीने उठून दुसऱ्याच्या दुकानात नेऊन बसवत. दोघांकडे चहा मात्र एकाच किटलीतून यायचा.

पहिल्याच दिवशी मयंकने नवलभाऊंना सर म्हटलं, गार पाणी दिलं, आणि फेरी मारायला लायसनची झेरॉक्स मागितली. नवलभाऊंनी ऐटीत लायसन काढलं. मयंकने ते दोनदा उलटंसुलटं पाहिलं आणि अतिशय नम्र आवाजात सांगितलं, की हे आठ महिन्यांपूर्वी संपलंय. काचेपलीकडून अंकितने पाहिलं, पायरीवरून जवरीलालजींनी पाहिलं. स्वतः नवलभाऊंनी बावीस वर्षं लोकांना मुदत संपलेल्या कागदांपायी परत पाठवलं होतं. त्या सगळ्या लोकांचा तळतळाट असा एका झेरॉक्समधून निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे नूतनीकरणात गेले. पहिला फोटो चष्म्यावर उजेड चमकतो म्हणून परत आला. दुसरा, चष्मा काढल्यामुळे माणूस ओळखू येत नाही म्हणून परत आला. सही चौकटीबाहेर जाते असा शेरा आला, म्हणून नवलभाऊंनी घरी बसून आपली सही लहान करायचा सराव केला, आणि पगारपत्रकावर तीच लहान सही पडल्याने तिथे वेगळी चौकशी लागली. त्या कार्यालयातल्या बाबूने मान वर न करता ‘उद्या या’ असं म्हटलं तेव्हा नवलभाऊंना राग आला नाही, उलट मनातून आदर वाटला. इतकं स्वच्छ ‘उद्या या’ त्यांनाही कधी जमलं नव्हतं.

शिवाय चाळिशी उलटलेल्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांनी डोळे पाहिले, कान पाहिले, आणि वाका म्हणाले. नवलभाऊ वाकले. आता सरळ व्हा म्हणाले. याला जरा वेळ लागला, मधे एक पेशंट आत येऊन तपासून गेला. खुर्चीत बसून बसून त्यांची कंबर गेली होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण दर रविवारी चेतना तिला बाम लावायची. पण अर्जात कमरेचा रकाना नव्हता. आणि नवलभाऊंच्या वहीतही नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. डॉक्टरांनी ‘फिट’ असं लिहून दिलं.

या तीन आठवड्यांत बातमी रनाळ्याला पोचली आणि रनाळ्याहून मामा आले. वीरसिंग मामा म्हणजे कौसाबाईंचे थोरले भाऊ, वय चौऱ्याहत्तर, खांद्यावर टॉवेल, मिशीला पीळ. पन्नास वर्षं सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजाराला न चुकता जाणारे. घोडा घ्यायचा असला की तालुक्यातले लोक आधी मामांना जीपमध्ये घालत आणि मग पैशाचं बघत. नवलभाऊंना बायको, भावाला बैलजोडी आणि बहिणीला नवरा त्यांनीच पाहून दिला होता, सगळ्यांना चालवून, फिरवून, पायांकडे नीट बघून. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, की मी काही बोलणार नाही, निवड तुझी, मी नुसता उभा राहीन. मामा कुठे नुसते उभे राहिल्याचं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी नवलभाऊ, चेतना आणि मामा दुकानावर गेले. मामांनी पहिलं काम काय केलं, तर दोन्ही गाड्या उन्हात काढायला लावल्या. जनावर सावलीत बघायचं नसतं म्हणे. मग ते दोन्ही गाड्यांभोवती उलटसुलट फिरले. टाकीवर थाप मारली, सीटखाली हात घातला, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, अगदी खाली बसून पोटाखालूनही पाहिलं. अंकित शहरात व्यवस्थापन शिकून आलेला. हिची खोड काय, असं मामांनी विचारल्यावर तो ब्रेकच्या तंत्रज्ञानावर सात मिनिटं बोलला. मामांनी ऐकून घेतलं आणि पोरगं खोड लपवतंय असं जवरीलालजींना सांगितलं. लाल गाडीसमोर मात्र ते थबकले. जनावर पाणीदार आहे, तोंडाची ठेवण चांगली आहे, असं म्हणाले. नवलभाऊंचं काळीज सुपाएवढं झालं. मामांनाही लालच आवडली म्हणजे आता वादच उरला नाही, आणि तरी निवड आपलीच, कारण आपण आधी ठरवली होती.

मग नवलभाऊ लाल गाडीवर बसले, म्हणजे पालथे पडले. पण काय सांगावं, त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते लग्नाच्या फोटोतही नव्हतं. इंजिन गुरगुरलं, दुकानातली पोस्टरं थरथरली, आणि नवलभाऊ फाटकापर्यंत जाऊन आले. जाताना विसाव्या वर्षात होते, येताना पंचवीसचे झाले, आणि उतरताना एकदम साठी ओलांडली. कंबर वाकली ती वाकलीच. दहा माणसांपुढे हे दाखवायचं कसं, म्हणून ते तसेच वाकून पुढचं टायर निरखत राहिले. मयंकला वाटलं गिऱ्हाईक फार बारकाईने बघतंय, म्हणून तो शेजारी वाकून टायरची माहिती सांगायला लागला. एकूण सहा-सात मिनिटं हे चाललं. तेवढ्यात चेतना मामांना घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेली होती. नवलभाऊंना वाटलं म्हाताऱ्याला तहान लागली असेल.

नवलभाऊ एकदाचे उभे राहिले तेव्हा समोरचं दृश्य बघून ते तसेच लगबगीने पायरीकडे निघाले. मामा आणि जवरीलालजी पायरीवर समोरासमोर बसले होते, दोघांचे उजवे हात मामांच्या टॉवेलखाली होते, आणि दोघंही दोन वेगळ्या दिशांना बघत होते.

हे काय आहे ते सांगायला हवं. घोड्यांच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. टॉवेलखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची आणि दाबलेल्या बोटांवरून भाव कळायचा. चार माणसं भोवती उभी असली तरी कोणाला काही समजत नाही. हात बाहेर आले आणि टाळी पडली की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी तो फिरत नाही. जवरीलालजींनीही तरुणपणी मिरचीचे सौदे असेच केलेले. मुलांच्या संगणकाच्या बिलांना कंटाळलेल्या त्या माणसाच्या तोंडावर कित्येक वर्षांनी तेज आलं होतं, डोळे मिटून ते मामांची बोटं चाचपत होते. आता कंपनीच्या गाडीची किंमत काही बोटं दाबून कमी होत नाही. म्हणून ते दोघं वरच्या सामानावर भांडत होते, आणि मामांनी एकेक बोट मुरगाळून दोन हेल्मेट, साडीगार्ड, पायांपुढचा लोखंडी गार्ड, चिखल अडवायचे रबरी पडदे, सीटला मखमली कव्हर आणि मागे डबा अडकवायचा कॅरियर एवढं सोडवलं. मध्ये बोलायचं नसतं, म्हणून नवलभाऊ नुसते हात चोळत उभे राहिले. टाळी पडली.

“कायी व्हयनी,” मामा उठत म्हणाले. मामांच्या अहिराणीत ळचा य होतो, काळीला कायी म्हणतात, आणि ती झाली होती.

आतापर्यंत नवलभाऊंनी जन्मात मामांना नाही म्हटलं नव्हतं. मामांसमोर ते चहालाही नको म्हणत नसत, पोटात जागा नसली तरी. पण त्या क्षणी त्यांना एकाएकी सगळं आठवलं, आर्ट्सची पुस्तकं आठवली, मोरपंखी घर आठवलं. “मामा, माले लाल लेवानी शे,” ते म्हणाले. “जलमभर तुम्हीनच निवडं. एक डाव माले निवडू द्या.”

मामा खाली बसले. त्यांनी टॉवेल उगाचच झटकला, घडी केली, परत मोडली. “मन्हा हात दिधेल शे रे भाचा,” ते हळूच म्हणाले. पन्नास वर्षांत त्यांचा हात एकदाही फिरला नव्हता. हात फिरवणाऱ्याला सारंगखेड्यात कोणी तंबाखूसुद्धा देत नाही, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी तंबाखू कोणाकडे मागायची हा प्रश्न साधा नव्हता. नवलभाऊंना मामांचं वाईट वाटलं, स्वतःचंही वाटलं. पण मागे सरकायला ते तयार नव्हते. चेतना छताच्या पंख्याकडे बघत होती.

तोड काढली जवरीलालजींनी. लाल घेतली काय आणि काळी घेतली काय, त्यांना दोन्ही मुलं सारखीच. त्यांनी मामांना आठवण करून दिली, की बाजाराचा आणखी एक नियम आहे. सौदा झाल्यावर घोड्याने जर गिऱ्हाइकाला पाठीवर बसू दिलं नाही, चार साक्षीदारांदेखत खाली पाडलं, तर हात आपोआप सुटतो. ना घेणाऱ्याची लाज जाते, ना देणाऱ्याची. हा नियम कुठे लिहिलेला आहे असं कोणी विचारलं नाही. मामांनी डोळे बारीक केले, आठवलं, आणि हो म्हणाले, रीत आहे खरी. म्हणजे आता नवलभाऊंना लाल गाडी हवी असेल तर त्यांनी चार लोकांसमोर काळ्या गाडीवरून पडायचं होतं.

अंकितने याला फार हरकत घेतली. कंपनीच्या नियमात असं काही बसत नाही, असं तो म्हणाला. वडिलांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दुकानामागे नव्या गोडाऊनसाठी मुरुम आणि मातीचे ढीग पडले होते, तिथे मऊ जागा पाहून ठेवण्यात आली. मयंकने उत्साहाने हेल्मेट आणून दिलं, त्याला भावाची गाडी पडताना बघायची घाई होती. साक्षीदार चार हवे होते, पण चहावाला, दोन मेकॅनिक, गाडी धुणारे आणि सर्व्हिसिंगला आलेली गिऱ्हाइकं मिळून चांगले वीस-पंचवीस जमले. मुद्दाम पडायचं नाही, पडणं खरं वाटलं पाहिजे, अशी ताकीद जवरीलालजींनी दिली.

नवलभाऊ काळ्या गाडीवर बसले आणि त्यांचा घात झाला.

ती गाडी त्यांच्या मापाने शिवल्यासारखी होती. हात हँडलवर अलगद गेले. पाय टेकले तिथे टेकायला जागा होती. आणि कंबर, जी गेली दोन वर्षं बसता-उठता काही ना काही बोलायचीच, ती एकदम गप्प झाली. त्यांनी पडायच्या बेताने एक चक्कर मारली, ती इतकी छान झाली की पडायचं राहून गेलं. दुसऱ्या चकरेत ते ढिगाला वळसा घालून रस्त्यापर्यंत जाऊन आले, खड्डा लागला आणि कळलाही नाही. वहीतले सगळे गुण खरे होते. नवलभाऊंना वाटलं, ही गाडी घेऊन असंच तापीच्या पुलापर्यंत जावं आणि आज कोणाला परत तोंडच दाखवू नये. तिसऱ्या चकरेला मामांच्या मिशीला पुन्हा पीळ पडायला लागलेला त्यांनी पाहिला. जनावर बसू देतंय असं मामा मोठ्याने म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या.

आणि मग पुढची वीस वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. रोज सकाळी मामांची काळी गाडी पुसायची, मामांच्या काळ्या गाडीवरून ऑफिसला जायचं, आणि जो भेटेल त्याला मामा सांगणार, की भाच्याला कळत नव्हतं, मी पाहून दिली. नवलभाऊंनी दात आवळले, ढिगाजवळ आले, आणि हात सोडून दिले.

पण ते काही पडणं म्हणता येणार नाही. गाडी थांबली, ते बाजूला झाले, आणि मातीवर अलगद आडवे पडले, दुपारी जेवून लवंडतात तसे. जवरीलालजींनी मान हलवली. याला पडणं म्हणत नाहीत, याला झोपणं म्हणतात, असा निकाल त्यांनी दिला. साक्षीदारांचंही तेच मत पडलं. चहावाल्याने तर कसं पडावं हे करूनही दाखवलं. तेव्हा नवलभाऊंना दुसऱ्यांदा बसावं लागलं. या वेळी मात्र त्यांना काही करावं लागलं नाही. गाड्या धुवायच्या जागेतून पाणी वाहून मुरमावर आलं होतं, त्यात पुढचं चाक सरकलं, आणि नवलभाऊ हेल्मेटसकट साबणाच्या डबक्यात पालथे गेले. गाडी मऊ मातीवर सावकाश टेकली, तिला ओरखडाही आला नाही. टाळ्या पडल्या. कोणीतरी व्हिडिओ काढला होता, तो नवलभाऊंच्या आधी ऑफिसात पोचला.

मामांनी स्वतः धावत येऊन भाच्याला उठवलं, टॉवेलने तोंड पुसलं. मग त्यांनी काळ्या गाडीकडे वळून बघितलं आणि तिच्यात दोष काढायला सुरुवात केली. पेट्रोलच्या झाकणापाशी अवलक्षणी खूण आहे, मला आधी दिसली नाही, मालकाला खाणारं जनावर आहे, असं ते सगळ्यांना सांगत होते. आपला शब्द राहिला या आनंदात त्यांनी त्या गाडीला नाही नाही ते बोलून घेतलं. नवलभाऊ साबणाचं पाणी ठिबकत उभे होते. निरपराध गाडीला लोक बोलत होते आणि त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. अंकित आपल्या रुमालाने तिचं हँडल पुसत होता, त्याच्याकडे त्यांना बघवेना.

लाल घरी आली, मामांनी काळीसाठी सोडवलेलं सगळं सामान चढवून आली. साडीगार्ड, लोखंडी गार्ड, मखमली कव्हर आणि मागे कॅरियर लावल्यावर तिची रागीट नजर जरा ओशाळल्यासारखी दिसायला लागली, पण होती ती स्पोर्टीच. कौसाबाईंनी ओवाळलं, ओट्यावरून बसून पाहिलं आणि देवाचं नाव घेत ओट्यावरच उतरल्या. नवलभाऊ रोज टाकीवर पालथे पडून नंदुरबारला जायला लागले. चौथ्या दिवशी कमरेला पट्टा आला. आठव्या दिवसापासून ऑफिसच्या आवारात वाहरू त्यांची वाट बघत उभा राहायला लागला, कारण त्यांना गाडीवरून सोडवून उभं करायचं काम नकळत त्याच्याकडे आलं होतं. गाडी कशी आहे, असं कोणी विचारलं की ते वाकलेल्या स्थितीतच ‘झकास’ म्हणत. रनाळ्याहून मामांचा दर दोन दिवसांनी फोन यायचा, त्यांनाही ‘झकास’.

तिसऱ्या रविवारी दुपारी नवलभाऊ खाटेवर पालथे पडले होते आणि चेतना बाम चोळत होती. कौसाबाई शेजारी गेल्या होत्या. आता खाटेवर पालथं पडल्यावर माणसाला जगाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे खरं बोलणं जरा सोपं जातं. नवलभाऊ उशीत तोंड घालून म्हणाले, की काळीच चांगली होती.

“माले माहीत शे,” चेतना म्हणाली.

ते कसं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा तिने सांगितलं, की त्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी तिनेच मामांना गळ घातली होती. मामांना लालच आवडली होती, ते लालच पक्की करायला निघाले होते. तिने सांगितलं, की यांची कंबर दर आठवड्याला मी चोळते, मला ठाऊक आहे तिचं काय झालंय ते, लाल घेतली तर हे वर्षभरात पुरते वाकतील, तुम्ही काहीही करा पण काळी घ्या. मामांनी एका शब्दानेही तिचं नाव सांगितलं नाही, सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं.

मग माले काब्र सांगं नही, लपवलं कशाला, असं नवलभाऊंनी उशीतूनच विचारलं.

चेतनाचा हात थांबला. “लालवर बठात तवय तुमनं तोंड देखं मी,” ती म्हणाली. “मंग तुम्हले सांगाले मन्ही जीभच उचलायनी नही.”

पुढे तीच म्हणाली, की अजून काही बिघडलं नाही. जवरीलालजींना विचारू, गाडी नवीकोरी आहे, एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे गेली तर त्यांच्या घरातच जाते. मामांना मी सांगेन, ते अवलक्षणी खुणेवर काहीतरी तोड काढतील. उद्याच जाऊ.

नवलभाऊंनी विचार केला. काळ्या गाडीवरची ती दुसरी चक्कर त्यांना आठवली, तो न लागलेला खड्डा आठवला, आणि खरंच डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी उशीतून तोंड बाहेर काढलं.

“नको,” ते म्हणाले. “निवड मन्ही शे. जरा खाले चोय.”